ड्रममधली फिल्म आणि नवी मुंबईचं पाणी

आजचा विषय ऐकून काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाला फिल्म धुण्याचं काय पडलंय? पडलंय, कारण एका चुकीचं कारण शोधताना आम्हाला जे करावं लागलं ते वर्गात तीस वर्षं नुसतं शिकवत होतो. आम्ही म्हणजे वाशी-नेरूळमधले चार निवृत्त लोक, एक जुना लाकडी कॅमेरा आणि एका सदनिकेची न्हाणी.

२०१६ साली आम्ही उलव्याच्या डोंगराचे फोटो काढले. विमानतळासाठी तो डोंगर फोडायचा हे ठरलेलं होतं. पायथ्याकडची तरघर, कोंबडभुजे ही गावंही हलायची होती. चार इंच बाय पाच इंच मापाची सुटी फिल्म, एका वेळी एक पत्रा कॅमेऱ्यात घालायचा. रोल नाही, मोजणी नाही. दहा पत्रे झाले. आज तिथे धावपट्टी आहे, ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटनही झालं. म्हणजे ते दहा पत्रे पुन्हा काढता येणार नाहीत, हे ध्यानात ठेवा.

आता सुटी फिल्म धुवायची कशी? जुनी रीत ट्रेची. पूर्ण अंधारात पाच-सहा पत्रे रसायनात टाकायचे आणि तळातला वर, तळातला वर असे पत्त्यासारखे पिसत राहायचं. ओला इमल्शनचा थर मऊ असतो, आपल्याकडच्या उकाड्यात तर फारच. शेजारच्या पत्र्याचा कोपरा लागला की ओरखडा. म्हणून फिरता ड्रम. जर्मनीच्या जोबो कंपनीचा दहा पत्र्यांचा ड्रम आहे. आत दहा नळकांडी, प्रत्येकात एक पत्रा, इमल्शन आतल्या बाजूला. नळकांडी मध्ये किंचित फुगीर असतात, त्यामुळे फिल्म फक्त कडांना टेकते आणि पाठीमागेही पाणी पोचतं. झाकण इतकं घट्ट बसतं की उघडायला पायपंपाने हवा भरावी लागते. पत्रे भरेपर्यंत अंधार, झाकण लावलं की दिवा लावा, चहा प्या. ड्रम आडवा फिरत राहतो, तळाशी थोडंसं रसायन असतं, आणि प्रत्येक पत्रा फेरीफेरीला त्यातून जातो.

अंधारात पत्र्याची कुठली बाजू कुठली हे बोटांनी ओळखायचं. कोपऱ्यात खाचा असतात; पत्रा उभा धरून खाचा वर उजवीकडे आल्या की इमल्शन तुमच्याकडे. हे वाक्य पाठ करायला एक मिनिट लागतं, हाताला यायला दोन महिने. गिल्बर्ट राइलने १९४९ च्या पुस्तकात माहिती असणं आणि करता येणं यांत जो भेद केला, तो आम्हाला न्हाणीत जास्त पटला.

ड्रम सपाट पाहिजे. गवंड्याची पाणसळ ठेवून बघा, नाहीतर एका टोकाचे पत्रे उपाशी राहतात.

तर आम्ही ते दहा पत्रे ड्रममध्ये भरले. डेव्हलपर कोडॅकचा एक्सटॉल, एकास एक पाणी घालून, एकूण २५० मिलिलिटर. ड्रमच्या पुस्तिकेत किमान २१० लिहिलेलं, म्हणजे आम्ही चाळीस जास्तच घातले. निगेटिव्ह निघाले ते पातळ. सावलीत तपशील होता, पण आकाश आणि उन्हातला कातळ, जिथे काळं दाट यायला हवं, तिथे फिकट राखाडी. सगळा डोंगर धुक्यात असल्यासारखा.

पहिल्या दिवशी आम्ही ड्रमला दोष दिला. दुसऱ्या दिवशी पाण्याला. तिसऱ्या दिवशी ज्या दुकानातून फिल्म घेतली त्या दुकानदाराला, आणि तो बिचारा अगदी निर्दोष निघाला. न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात: हे असताना ते आहे, हे नसताना ते नाही. मिलने १८४३ मध्ये याच अंगाने कारण शोधायच्या पद्धती मांडल्या. पण पद्धत माहीत असूनही आम्ही तीन दिवस ज्याला त्याला दोषच देत होतो, हे कबूल करतो.

मग मुदत संपलेल्या स्वस्त फिल्मवर एकाच भिंतीचे, एकाच उन्हातले फोटो काढले. पहिल्या खेपेला दहा पत्रे, २५० मिलिलिटर: पातळ. दुसऱ्या खेपेला तोच ड्रम, तेच पाणी, तेवढंच रसायन, पण पत्रा एकच: दाट. तिसऱ्या खेपेला दहा पत्रे आणि ५०० मिलिलिटर: पुन्हा दाट. ड्रम सुटला, पाणी सुटलं, दुकानदार सुटला.

चूक अशी होती. २१० हा आकडा ओलं होण्याचा आहे. तेवढं द्रव असलं की प्रत्येक पत्रा भिजतो, इतकंच तो सांगतो. पण डेव्हलपर काम करताना खर्च होतो. एक्सटॉलला ८० चौरस इंच फिल्ममागे, म्हणजे चार पत्र्यांमागे, किमान १०० मिलिलिटर मूळ द्रावण लागतं, पाणी न घातलेलं. दहा पत्रे म्हणजे २०० चौरस इंच, म्हणजे २५० मूळ द्रावण. आमच्या २५० मध्ये निम्मं पाणी होतं. दहा जणांच्या पंगतीला सगळ्यांना वाढलं खरं, पण अर्धपोटी.

तुम्ही म्हणाल, मग पाणी घालताच कशाला? इथे नवी मुंबई आडवी येते. पुस्तकातलं तापमान २० अंश. मे महिन्यात मोरबे धरणाचं पाणी गच्चीवरच्या टाकीत तापून नळाला येतं ते तिशीच्या पुढे. ही यंत्रं थंड देशातली. त्यांच्यात पाणी गरम करायची सोय आहे, थंड करायची नाही. बर्फाच्या पिशव्या टाकून आम्ही २४ अंशांवर येतो, तिथून खाली उतरणं जिकिरीचं. तापमान वाढलं की वेळ कमी होतो. समजा २० अंशांना ८ मिनिटं आहेत. २४ ला साधारण साडेपाच होतात. शिवाय ड्रम सतत फिरतो, म्हणून इलफर्ड सांगते त्याप्रमाणे १५ टक्क्यांपर्यंत आणखी कापा: ४ मिनिटं ४० सेकंद. आणि पाच मिनिटांच्या आत आलं की फिल्म सारखी धुतली जाईलच असं नाही. रसायन ओतायलाच कितीतरी सेकंद जातात. म्हणून पाणी घालून डेव्हलपर मंद करायचा. एकास एक केलं की तोच हिशेब पावणेसात मिनिटांवर येतो. पण मंद केलं की मात्रा दुप्पट, आणि ड्रम जड झाला की मोटर कुरकुरते. आम्ही आता उन्हाळ्यात दहाऐवजी सहाच पत्रे भरतो, ३०० मिलिलिटरमध्ये. ड्रमची चार घरं रिकामी जातात, जाऊ देत.

एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. आधी साध्या पाण्यात फिल्म भिजवावी का? जोबो म्हणते पाच मिनिटं भिजवा, मग वेळ कापायची गरज नाही. इलफर्ड म्हणते भिजवू नका, डाग पडू शकतात. आमच्या चौघांत दोन-दोन मतं आहेत. मी न भिजवणाऱ्यांत.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेली चांदी असते आणि आपली गटारं शेवटी खाडीला मिळतात. आम्ही तो कॅनमध्ये साठवतो.

त्या दहा निगेटिव्हचं काय झालं, हे कुणीतरी विचारणारच. कमी धुतलेल्या फिल्ममध्ये सावल्यांचा तपशील बराचसा टिकतो, जातो तो उजेडाचा. सर्वांत कडक कागदावर, पाच नंबरच्या ग्रेडवर, त्यातले दोन छापता आले. त्यात कातळाच्या भेगा दिसतात, खालच्या वस्तीतली दोन छपरं दिसतात. आकाश दिसत नाही. बाकीचे आठ पाकिटात आहेत. आमच्यातले एक जण म्हणतात सेलेनियमने थोडे दाट करून बघू. दर पावसाळ्यात म्हणतात. अजून धीर झालेला नाही.