घर पाहावं बांधून...

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं आपण म्हणतो. शेजारच्या अक्का ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ म्हणतात. दोन्ही भाषांचं सांगणं एकच. पण बांधताना नेमकं काय पाहायचं, याचा विचार मी उज्जैनला जाईपर्यंत केला नव्हता.

गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब महाकालाच्या दर्शनाला गेलो होतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेलं ते मंदिर आजही उभं आहे. शेजारच्या नव्या ‘महाकाल लोक’चं उद्घाटन ११ ऑक्टोबर २०२२ रोजी झालं आणि २८ मे २०२३ च्या वादळात तिथल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा फायबरच्या मूर्ती कोसळल्या. चौकशी सुरू झाली ती त्यानंतर. पुढे २७ सप्टेंबर २०२४ रोजी पावसात मंदिराच्या चार नंबर दाराजवळची भिंत पडून दोघांचा जीव गेला.

आपल्याला हे दुःख नवं नाही. धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम सुरू असलेली इमारत १९ मार्च २०१९ ला कोसळली, १९ माणसं गेली.

आम्ही परतलो तेव्हा आमच्या माडीचा स्लॅब पडायचा होता. मेस्त्री म्हणाले, ‘सर, पंधरा वर्षं हेच करतोय.’ मला संकोच वाटला. पण सौ. म्हणाली, ‘अहो, ओतायच्या आधी इंजिनिअरना एकदा बोलवा की!’

ते आले, सेंटरिंगवर चढले आणि बाल्कनीपाशी थांबले. भिंतीबाहेर आलेल्या बाल्कनीला ताण वरच्या अंगाला बसतो, म्हणून मुख्य सळ्या वर हव्यात. कामगारांच्या पायांखाली त्या दबून तळाला गेल्या होत्या. खाली चेअर लावून त्या वर उचलल्या, मगच काँक्रीट पडलं. त्याच बाल्कनीत आता आई संध्याकाळी जपमाळ घेऊन बसते.

परवान्याचा कागद फाइलीत कधीही पाहता येतो. काँक्रीटमध्ये गेलेली सळई मात्र पुन्हा दिसत नाही. तेव्हा घर बांधणाऱ्यांनो, मुहूर्त पाहताना तपासणीसाठी एक दिवस आधी राखून ठेवा. मेस्त्री रागावतील ही भीती नको. आमचे मेस्त्री तर आता स्वतःच विचारतात, ‘सर, इंजिनिअर कधी येणार?’