डिस्नेलँडची भेट आणि राजनय : ख्रुश्चेव्ह प्रवेशद्वारापर्यंतही का पोहोचले नाहीत?

परदेशी राष्ट्रप्रमुखांच्या दौऱ्यात संसद, कारखाने, विद्यापीठे आणि शेती केंद्रे यांच्या भेटी असणे स्वाभाविक मानले जाते. मात्र १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेला येणाऱ्या पाहुण्यांच्या कार्यक्रमात आणखी एका ठिकाणाची भर पडली. ते ठिकाण म्हणजे कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड हे करमणूक उद्यान. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांनी १९५६ मध्ये, भारताचे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी १९६१ मध्ये, तर जपानचे सम्राट हिरोहितो यांनी १९७५ मध्ये या उद्यानाला भेट दिली. या मालिकेतील सर्वाधिक चर्चा झालेली भेट मात्र प्रत्यक्षात झालीच नाही. सोव्हिएत संघाचे पंतप्रधान निकिता ख्रुश्चेव्ह यांना सप्टेंबर १९५९ मध्ये डिस्नेलँड पाहू देण्यात आले नाही आणि शीतयुद्धाच्या इतिहासात या प्रसंगाची कायमची नोंद झाली.

एका करमणूक उद्यानाच्या भेटीला इतके महत्त्व का प्राप्त झाले, हे समजून घेण्यासाठी त्या उद्यानाचे स्वरूप आणि तो काळ या दोहोंकडे पाहावे लागते.

संत्र्यांच्या बागेतील नगर

चित्रपट निर्माते वॉल्ट डिस्ने यांनी लॉस एंजलिस शहराच्या आग्नेयेस असलेल्या अनाहाइम या गावातील सुमारे १६० एकर जमीन उद्यानासाठी निवडली. तेथे प्रामुख्याने संत्र्यांच्या बागा होत्या. १७ जुलै १९५५ रोजी उद्यानाचे उद्घाटन झाले. त्याचे दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपण करण्यात आले. या प्रक्षेपणाच्या तीन निवेदकांपैकी एक होते अभिनेते रोनाल्ड रेगन, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

त्यापूर्वीही जगात जत्रा, फिरते पाळणे आणि करमणुकीची उद्याने होतीच. डिस्नेलँडचे वेगळेपण त्याच्या रचनेत होते. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घालून त्यावरून लहान रेल्वेगाडी फिरवण्यात आली. या बांधामुळे आत आलेल्या व्यक्तीला बाहेरचे रस्ते आणि इमारती दिसत नाहीत. प्रवेशासाठी एकच मुख्य दार आहे. तेथून आत गेल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी गावाचा रस्ता लागतो. या रस्त्यावरील इमारतींचे वरचे मजले खालच्या मजल्यांपेक्षा कमी उंचीचे बांधलेले असल्याने त्या प्रत्यक्षाहून उंच भासतात. रस्त्याच्या टोकाला परीकथेतील राजवाडा दिसतो. हा राजवाडा अवघा ७७ फूट उंचीचा असला, तरी पाहुण्याचे पाय आपोआप त्याच्याकडे वळतात. राजवाड्यापुढील चौकातून साहस, सीमाप्रदेश, परीकथा आणि भविष्यकाळ या कल्पनांवर आधारलेल्या विभागांकडे वाटा फुटतात.

अशा रीतीने एकाच कल्पनेभोवती गुंफलेल्या उद्यानाला पुढे ‘थीम पार्क’ हे नाव रूढ झाले. अमेरिकेच्या दृष्टीने ते देशाने स्वतःविषयी सांगितलेली एक गोष्टच होती. तिच्यात भूतकाळ रम्य होता आणि भविष्यकाळ यंत्रांच्या साहाय्याने सुखी होणार होता. परदेशी पाहुण्यांना ही गोष्ट दाखवण्यात अमेरिकी शासनाला रस वाटला, याचे कारण हेच होते.

१९५९ : स्पर्धेचे वर्ष

१९५९ च्या उन्हाळ्यात दोन महासत्तांमधील स्पर्धा जीवनमानाच्या प्रश्नावर येऊन ठेपली होती. त्या वर्षी मॉस्कोत भरलेल्या अमेरिकी प्रदर्शनात २४ जुलै रोजी उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि ख्रुश्चेव्ह यांच्यात एका नमुना स्वयंपाकघरासमोर जाहीर वादविवाद झाला. कोणत्या व्यवस्थेत सामान्य कुटुंब अधिक सुखाने जगते, हा त्या वादाचा गाभा होता. याच प्रदर्शनात डिस्ने यांच्या संस्थेने तयार केलेला, प्रेक्षकांच्या चहूबाजूंना असलेल्या पडद्यांवर दिसणारा अमेरिकेविषयीचा चित्रपटही दाखवण्यात आला होता. म्हणजे ख्रुश्चेव्ह अमेरिकेला जाण्यापूर्वीच डिस्ने यांची कला मॉस्कोत पोहोचली होती.

त्याआधी जून महिन्यात निक्सन यांच्या उपस्थितीत डिस्नेलँडमध्ये एकरुळी रेल्वेचा शुभारंभ झाला होता. त्याच वेळी तेथे पाणबुडीची सफरही सुरू करण्यात आली. तिच्यातील आठ पाणबुड्यांना अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांची नावे देण्यात आली होती. आपल्याकडे जगातील एक मोठे पाणबुडी दल आहे, असा विनोद डिस्ने करत असत. हे दल ख्रुश्चेव्ह यांना दाखवण्याची त्यांची इच्छा होती.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी ख्रुश्चेव्ह वॉशिंग्टनला पोहोचले. सोव्हिएत संघाच्या सर्वोच्च नेत्याने अमेरिकेला दिलेली ही पहिलीच भेट होती. त्यांच्या आगमनाच्या अगदी आधी ‘ल्युना २’ हे सोव्हिएत यान चंद्रावर आदळले होते. मानवनिर्मित वस्तू चंद्रावर पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. डिस्नेलँडच्या भविष्यकाळ विभागातही त्या काळी चंद्रावर नेणाऱ्या अग्निबाणाची काल्पनिक सफर होती.

भोजनप्रसंगी व्यक्त झालेला संताप

१९ सप्टेंबर रोजी, शनिवारी, ख्रुश्चेव्ह सहकुटुंब लॉस एंजलिस येथे आले. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट संस्थेच्या आवारात त्यांच्या सन्मानार्थ भोजन आयोजित करण्यात आले होते. मेरिलिन मन्रो, एलिझाबेथ टेलर, फ्रँक सिनात्रा यांसारखे कलावंत त्यास उपस्थित होते. कट्टर साम्यवादविरोधी असलेल्या रेगन यांनी मात्र या समारंभाला जाण्याचे टाळले.

डिस्नेलँडची भेट होणार नसल्याचे पाहुण्यांना त्याच दिवशी कळले. भोजनानंतरच्या भाषणात ख्रुश्चेव्ह यांनी हा विषय स्वतःच काढला. आपल्याला तेथे का जाऊ दिले जात नाही, तेथे पटकीची साथ आली आहे काय, गुंडांनी त्या जागेचा ताबा घेतला आहे काय, की तेथे अग्निबाण सोडण्याचे तळ आहेत, असे प्रश्न त्यांनी उपस्थितांना विचारले. त्यांच्या स्वरात थट्टा आणि राग यांचे मिश्रण होते. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांनी या उद्गारांना ठळक स्थान दिले. उद्यानाऐवजी पाहुण्यांना बंद मोटारीतून शहराच्या वसाहतींमधून फिरवून आणण्यात आले.

नकारामागील कारणे

हा निर्णय सुरक्षेच्या कारणास्तव घेण्यात आला होता. लॉस एंजलिसचे पोलीस प्रमुख विल्यम पार्कर यांनी डिस्नेलँडमध्ये पाहुण्यांच्या सुरक्षिततेची हमी देता येणार नाही, अशी भूमिका घेतली. विमानतळावरून येताना ताफ्यातील एका मोटारीवर टोमॅटो फेकण्याचा प्रकार घडला होता. त्यामुळे पोलिसांची चिंता वाढली होती.

पार्कर यांच्या भूमिकेला आणखी दोन आधार होते. पहिला आधार अधिकारक्षेत्राचा होता. अनाहाइम हे गाव ऑरेंज काउंटीमध्ये आहे आणि तेथील पोलीस दल स्वतंत्र आहे. लॉस एंजलिसच्या पोलिसांचा अधिकार तेथे चालत नव्हता आणि दोन्ही ठिकाणांमधील रस्ता चाळीसहून अधिक किलोमीटरचा होता. दुसरा आधार उद्यानाच्या रचनेत होता. डिस्नेलँड पायी फिरून पाहावे लागते. कारखान्याच्या भेटीत पाहुण्याची मोटार थेट दारापर्यंत नेता येते आणि कामगारांची यादी आधी तपासता येते. शनिवारच्या गर्दीत, तिकीट काढून आलेल्या हजारो अनोळखी लोकांमधून चालणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत यांपैकी काहीच शक्य नव्हते.

तरीही केवळ पोलीस व्यवस्थेच्या अंगाने या प्रसंगाचा पूर्ण उलगडा होत नाही. सोव्हिएत संघात परदेशी नागरिकांना अनेक प्रदेशांत जाण्यास मनाई होती. त्याला प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेनेही १९५५ पासून आपल्या देशातील काही भाग सोव्हिएत नागरिकांसाठी बंद ठेवले होते. डिस्नेलँडच्या नकाराचा या निर्बंधांशी थेट संबंध नव्हता. परंतु जेथे कोठे जायचे हे यजमान ठरवतो आणि पाहुण्याला त्यामागे डाव दिसतो, असे ते वातावरण होते. संचारस्वातंत्र्याचा अभिमान बाळगणाऱ्या देशाने मुलांच्या उद्यानाचे दार बंद ठेवावे, या विसंगतीचा ख्रुश्चेव्ह यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला.

त्याच रात्री महापौर नॉरिस पोलसन यांनी मेजवानीच्या भाषणात ख्रुश्चेव्ह यांच्या जुन्या वादग्रस्त विधानाचा उल्लेख केला. तेव्हा दौरा अर्धवट सोडून मायदेशी परतण्याचा इशारा पाहुण्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोकडे जाताना मात्र ते वाटेतील स्थानकांवर रेल्वेतून उतरले आणि जमलेल्या लोकांशी हस्तांदोलन करून प्रसन्न झाले. सामान्य अमेरिकी माणसांना भेटण्याची त्यांची इच्छा डिस्नेलँडऐवजी रेल्वेच्या फलाटावर पूर्ण झाली.

नेहरूंची भेट आणि तिच्या मर्यादा

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, पंतप्रधान नेहरू अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. त्याच महिन्यात त्यांनी वयाची ७२ वर्षे पूर्ण केली. त्यांच्यासमवेत कन्या इंदिरा गांधी होत्या. अध्यक्ष जॉन केनेडी यांच्याशी चर्चा आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील भाषण यानंतर ते कॅलिफोर्नियाला गेले. तेथे डिस्नेलँडमध्ये वॉल्ट डिस्ने यांनी त्यांचे स्वागत केले. या भेटीची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत.

राजकीय दृष्ट्या हा दौरा फारसा फलदायी ठरला नाही. केनेडी यांचे सहकारी आणि इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी अध्यक्षांच्या निराशेची नोंद करून ठेवली आहे. पुढच्याच महिन्यात भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. १८ डिसेंबर १९६१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडले स्टीव्हन्सन यांनी भारतावर कठोर टीका केली आणि सैन्य मागे घेण्यास सांगणारा ठराव पाश्चिमात्य देशांनी मांडला. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून तो ठराव रोखला. ज्या देशाच्या नेत्याला डिस्नेलँड पाहता आले नव्हते, तोच देश गोव्याच्या प्रश्नावर भारताच्या पाठीशी उभा राहिला. आदरातिथ्य आणि राष्ट्रहित यांचे हिशेब वेगळे असतात, हे यावरून स्पष्ट होते.

सम्राटांचे घड्याळ आणि टोकियोचे उद्यान

८ ऑक्टोबर १९७५ रोजी सम्राट हिरोहितो यांनी डिस्नेलँडला भेट दिली. जपानच्या सम्राटाचा अमेरिकेचा तो पहिलाच अधिकृत दौरा होता आणि दुसरे महायुद्ध संपून तीस वर्षे झाली होती. युद्धकाळात अमेरिकी जनतेने ज्यांच्याकडे शत्रू म्हणून पाहिले, ते वृद्ध सम्राट मिकी माउसच्या शेजारी उभे असल्याचे दृश्य जगाने पाहिले. या भेटीत मिळालेले मिकी माउसचे घड्याळ ते पुढे वापरत असत.

१५ एप्रिल १९८३ रोजी जपानमध्ये टोकियो डिस्नेलँड सुरू झाले. अमेरिकेबाहेरील हे पहिले डिस्नेलँड होय. नावात टोकियो असले तरी ते शेजारच्या चिबा प्रांतातील उरायासू येथे, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर उभे आहे. त्याची मालकी ओरिएंटल लँड या जपानी कंपनीकडे असून डिस्ने कंपनीला परवान्याचे शुल्क मिळते.

या उद्यानाचा राजकारणाशी अनपेक्षित संबंध १ मे २००१ रोजी आला. त्या दिवशी नारिता विमानतळावर डोमिनिकन प्रजासत्ताकाचे बनावट पारपत्र वापरणाऱ्या एका प्रवाशाला अडवण्यात आले. त्याच्यासोबत दोन स्त्रिया आणि एक लहान मुलगा होता. तो प्रवासी उत्तर कोरियाचे नेते किम जोंग इल यांचा ज्येष्ठ पुत्र किम जोंग नाम असल्याचे उघड झाले. टोकियो डिस्नेलँड पाहण्यासाठी आल्याचे त्याने सांगितले. काही दिवसांतच त्याची चीनला रवानगी करण्यात आली. वारसदार म्हणून त्याचे नाव मागे पडण्याचे हेही एक कारण मानले जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये क्वालालंपूर विमानतळावर त्याची हत्या झाली.

बदललेले प्रश्न

१९९२ मध्ये पॅरिसजवळ, २००५ मध्ये हाँगकाँगमध्ये आणि १६ जून २०१६ रोजी शांघायमध्ये डिस्नेची उद्याने सुरू झाली. साम्यवादी पक्षाची सत्ता असलेल्या चीनमधील शांघायच्या उद्यानात तेथील सरकारी कंपन्यांच्या समूहाचा वाटा ५७ टक्के, तर डिस्ने कंपनीचा ४३ टक्के आहे. १९५९ मध्ये ज्या जागेकडे भांडवलशाहीची शोभेची खिडकी म्हणून पाहिले जात होते, तिच्या नव्या आवृत्तीत साम्यवादी राजवटीची संस्थाच मोठी भागीदार झाली.

सुरक्षेचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. पार्कर यांना जी गर्दी तपासणे अशक्य वाटले, तिच्यासाठी अमेरिकेतील डिस्ने उद्यानांच्या दारांवर डिसेंबर २०१५ पासून धातुशोधक यंत्रे आली आहेत. भारतातून प्रथमच तेथे जाणाऱ्या कुटुंबालाही पिशव्यांची तपासणी करून घ्यावी लागते. व्हिसा आणि प्रवासखर्च हे दोन अडथळे त्या कुटुंबाने आधीच पार केलेले असतात. राज्यकर्त्यांच्या भेटींना असलेले प्रतीकात्मक ओझे त्याच्यावर नसते. ख्रुश्चेव्ह यांनाही त्या शनिवारी नेमके हेच हवे होते, असे त्यांच्या उद्गारांवरून वाटते. पत्नी आणि मुलांसह एक दिवस सामान्य पर्यटकासारखे फिरण्याची मुभा त्यांना अपेक्षित होती. महासत्तेच्या प्रमुखाला ती मिळाली नाही.