मिल्टन स्टेशन आणि आगगाडीच्या तिकिटाचा उगम

इंग्लंडच्या उत्तर सीमेनजीक कार्लाइल व न्यूकॅसल या दोन शहरांस जोडणारा सुमारें साठ मैलांचा लोहमार्ग आहे. त्यावर कार्लाइलच्या पूर्वेस ब्रॅम्प्टन नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. ज्या बाजारगांवावरून त्यास हें नांव मिळालें तें गांव तेथून सुमारें दीड मैल दूर आहे. आज या स्टेशनावर दोन फलाट आहेत. कारकून अथवा मास्तर कोणीहि नेमलेला नाहीं, व या मार्गावरील सर्वच गाड्या येथें थांबतात असेंहि नाहीं. परंतु इ. स. १८३६ मध्यें, या स्टेशनाचें नांव मिल्टन असतां, येथील मास्तरानें जी युक्ति काढली ती पुढें दीडशें वर्षांवर टिकली व पृथ्वीच्या पाठीवर बहुतेक सर्व देशांत पसरली. छापील, अनुक्रमांकित, पुठ्ठ्याचें तिकीट तें हेंच. जुन्या कागदांच्या अभ्यासकांनीं या वस्तूकडे फारसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. तिकीट म्हणजे प्रवासाचा परवाना, अशी सामान्य समजूत आहे. आमच्या मतें तें जन्मतः हिशेबाचा कागद आहे, आणि तसेंच वाचलें तरच त्याचा उलगडा होतो.

प्रथम स्थळाविषयीं थोडें. या लोहमार्गास पार्लमेंटची मंजुरी १८२९ त मिळाली. पूर्वेकडील भाग १८३५ त चालू झाला, कार्लाइलकडील भाग जुलै १८३६ त, आणि सलग मार्ग जून १८३८ त पुरा झाला. मिल्टन हें पश्चिम भागावरील स्टेशन. येथें लॉर्ड कार्लाइल यांच्या कोळशाच्या खाणींचा जुना रूळमार्ग येऊन मिळत असे, व त्याच्याच एका फांट्यावरून ब्रॅम्प्टन गांवांत जाण्यायेण्यासाठीं घोड्यानें ओढावयाची एक गाडी चाले. तिला लोक ‘डँडी’ म्हणत. १८८१ त घोडा जाऊन वाफेचें इंजिन आलें. १८९० त उतारूंची ने-आण थांबली. १९१३ त ती पुन्हां सुरू झाली, महायुद्धामुळें १९१७ त पुन्हां बंद पडली, १९२० त पुन्हां चालली आणि १९२३ त कायमची संपली. त्या फांट्याची वाट आतां पायीं चालणारांच्या उपयोगीं पडते. स्टीफन्सन यांचें प्रसिद्ध ‘रॉकेट’ इंजिनहि १८३६ त विकत घेतलें जाऊन याच कोळशाच्या मार्गावर आलें होतें. १८६२ त तें लंडनच्या संग्रहालयास देण्यांत आलें. एवढ्या लहान ठिकाणीं एकाच वर्षीं इतक्या गोष्टी जमाव्या हा योगायोगच.

त्याच वर्षीं टॉमस एडमंडसन हा मिल्टन येथें नोकरीस लागला. याचा जन्म १७९२ मध्यें लँकेस्टर येथें झाला. तो क्वेकर पंथाचा. तेथील गिलो यांच्या नामांकित कारखान्यांत लांकडी सामान करण्याचें काम तो शिकला. पुढें कार्लाइल येथें त्यानें स्वतःचा धंदा मांडला, परंतु तो बुडाला व एडमंडसनाचें दिवाळें निघालें. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं आडरानांतील स्टेशनाची नोकरी पत्करण्याची पाळी त्याजवर आली ती या कारणानें. पुढें हातीं पैसा आल्यावर कायद्याचें बंधन नसतांहि त्यानें जुन्या सावकारांचें देणें फेडलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मिल्टन येथें त्यास जी पद्धति आढळली ती घोड्यांच्या टपालगाड्यांपासून चालत आलेली होती. उतारू आला कीं कारकुनानें वहींत नोंद करावयाची, नंतर कागदाच्या चिठ्ठीवर कोठें जावयाचें तें हातानें लिहून चिठ्ठी फाडून द्यावयाची, आणि गार्डाकडे उतारूंची यादी सोंपवावयाची. इंग्रजींत तिकीट काढण्यास ‘बुकिंग’ म्हणतात तें या वहीमुळेंच. टपालगाडींत दहाबारा माणसें; तेथें हें चालून जाई. आगगाडींत शेंकडों माणसें येऊं लागतांच खिडकीशीं खोळंबा होऊं लागला. त्याहून मोठी अडचण पैशाची होती. कारकुनानें चिठ्ठी दिली, पैसे घेतले आणि वहींत नोंदच केली नाहीं, तर कंपनीस तें कळावें कसें? शिवाय प्रामाणिक कारकुनास आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्यासहि साधन नव्हतें. एकदां दिवाळें निघालेल्या माणसास ही दुसरी बाजू अधिक टोंचली असेल, असा आमचा तर्क आहे.

एडमंडसनाच्या पूर्वीं तिकिटें नव्हतींच असें मात्र नव्हे. लेस्टर व स्वॅनिंग्टन या लोहमार्गावर १८३२ पासून पितळेचे अष्टकोनी बिल्ले देत व प्रवासाच्या शेवटीं परत घेत. नाणेसंग्राहकांस ते अर्थातच अधिक प्रिय आहेत. परंतु बिल्ला पुनःपुन्हां फिरतो, तारीख सांगत नाहीं, आणि विक्रीचा पुरावा मागें ठेवीत नाहीं. एडमंडसनाचें वैशिष्ट्य छपाईंत नसून क्रमांकांत आहे.

त्यानें केलें तें असें. पुठ्ठ्याचे सव्वादोन इंच लांब व सुमारें सव्वा इंच रुंद तुकडे कापले. जाडी एक इंचाच्या बत्तिसाव्या हिश्शाइतकी. प्रत्येक ठिकाणाचीं व वर्गाचीं तिकिटें वेगळीं छापून त्यांवर शून्यापासून ओळीनें आंकडे घातले. ही चळत लांकडी घरांत अशी बसविली कीं, ज्याचा क्रमांक पुढें येईल तेंच तिकीट आधीं निघावें. विकतांना त्यावर तारखेचा दाब द्यावयाचा; याकरितां कार्लाइल येथील ब्लेलॉक नांवाच्या घड्याळजीच्या साहाय्यानें त्यानें एक लहान लोखंडी यंत्र तयार करविलें. प्रथमचीं तिकिटें हातानेंच ठोकून छापलेलीं होतीं.

आतां हिशेब पाहा. कल्पना करूं कीं, एखाद्या घरांत सकाळीं वरचें तिकीट ०४१२ होतें व संध्याकाळीं ०४३७ आहे. म्हणजे पंचवीस तिकिटें गेलीं. भाडें दीड शिलिंग असल्यास त्या घरापोटीं पेटींत एक पौंड, सतरा शिलिंग, सहा पेन्स असलेच पाहिजेत. एकाहि उतारूचें नांव लिहावें लागलें नाहीं. आपल्याकडील रोजकीर्दींत आरंभींची शिल्लक, जमा, खर्च व अखेरची शिल्लक यांचा मेळ घालतात, तोच मेळ येथें पुठ्ठ्याच्या चळतीनें आपोआप घातला. तारखेचा दाब हा तर एका अर्थीं मोर्तबच होय: तो उमटला कीं व्यवहार पुरा झाला.

ही कल्पना त्यास शेतांतून फिरतांना एका क्षणांत सुचली, अशी कथा सांगतात. अशा कथांवर फार भिस्त ठेवूं नये. मापांत कापलेला पुठ्ठा, घट्ट बसणारीं घरें, सरकती चळत हीं सर्व लांकूडकाम करणाऱ्या हाताचीं लक्षणें आहेत.

त्याच्या स्वतःच्या कंपनीस मात्र या युक्तीचें महत्त्व वाटलें नाहीं. मँचेस्टर व लीड्स लोहमार्गाचे व्यवस्थापक कॅप्टन लॉज यांनीं ती हेरली व १८३९ त एडमंडसनास मँचेस्टर येथें नेलें. पुढें त्यानें ही पद्धति इतर कंपन्यांस भाड्यानें दिली. दर मैलास वर्षाकाठीं दहा शिलिंग, म्हणजे तीस मैलांच्या मार्गास पंधरा पौंड. तिच्या प्रसारास १८४२ त स्थापन झालेल्या रेल्वे क्लिअरिंग हाउस या संस्थेचीहि मदत झाली. एकाच तिकिटावर दोनतीन कंपन्यांच्या रुळांवरून प्रवास होऊं लागल्यावर भाड्याची वांटणी कशाच्या आधारें करावयाची, हा प्रश्न होता. क्रमांकाचें तिकीट हा त्याचा आधार झाला. एडमंडसन १८५१ त मँचेस्टर येथें वारला. दोनच वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदर ते ठाणें ही आपल्याकडील पहिली उतारूंची गाडी धांवली. या मापाचीं तिकिटें पुढें हिंदुस्थानांतहि रूढ झालीं व विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चाललीं. खिडकींतून ठक् असा आवाज येऊन तारीख उमटलेलें तें जाड तिकीट जुन्या पिढींतील वाचकांस आठवत असेल. खुद्द ब्रिटिश रेल्वेनें तें १९९० त बंद केलें. त्यानंतर हौशी जुन्या लोहमार्गांवर तेवढें तें टिकून राहिलें.

संग्राहकांसाठीं कांहीं गोष्टी सांगणें अवश्य आहे. तिकीट हा वापरून परत द्यावयाचा कागद होता. प्रवास संपल्यावर तें गोळा होई, हिशेब तपासला जाई आणि नंतर गठ्ठेच्या गठ्ठे नष्ट केले जात. म्हणून जीं आज हातीं लागतात तीं बहुधा न विकलेलीं, नमुन्यादाखल ठेवलेलीं, किंवा उतारूच्या खिशांत चुकून राहिलेलीं असतात. यांवरून कोणत्या मार्गावर किती वाहतूक होती हें अनुमान काढूं नये. तारखेचा दाब नसलेलें कोरें तिकीट दिसावयास सुंदर असतें, पण विक्रीचा पुरावा म्हणून तें मुकें आहे. दाब असलेलें, कोपरा कापलेलें, मळलेलें तिकीटच खरें बोलतें.

दुसरें, स्थळनामांकडे बारकाईनें पाहावें. या स्टेशनाचें मिल्टन हें नांव मागाहून जाऊन ब्रॅम्प्टन हें आलें, आणि एके काळीं त्यास जंक्शन हें पदहि जोडलेलें होतें. सफोक परगण्यांत ब्रॅम्प्टन नांवाचें दुसरें स्टेशन असल्यामुळें गोंधळ टाळण्यासाठीं आतां परगण्याचें नांव जोडतात. तें कंब्रिया असें लिहिलेलें असेल तर कागद १९७४ नंतरचा, कारण तो परगणा त्या वर्षीं अस्तित्वांत आला. कंपनीचें नांवहि असेंच उपयोगी पडतें: न्यूकॅसल व कार्लाइल कंपनी १८६२ त नॉर्थ ईस्टर्न कंपनींत विलीन झाली, १९२३ त तिच्या जागीं लंडन व नॉर्थ ईस्टर्न आली, आणि १९४८ त सर्व मार्ग सरकारी झाले. तारखेचा दाब पुसट झाला असला तरी स्थळ व कंपनी या दोन नांवांवरून कागदाचा काळ बराचसा आंखतां येतो. क्रमांकावर मात्र या कामीं विसंबूं नये. ९९९९ पर्यंत पोंचल्यावर मोजणी पुन्हां शून्यापासून सुरू होत असे.