फोल्डिंग स्क्रीन घेतली की काउंटरवरचा लॅपटॉप काढता येईल का?



"सर, तो घडी होणारा मोठा स्क्रीनवाला घेतला तर लॅपटॉप आणि टॅब दोन्ही विकून टाकू का?" हल्ली प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. उघडला की टॅब, मिटला की खिशात, कीबोर्ड जोडला की लॅपटॉप. तीन वस्तूंचं काम एकीत होत असेल तर कुणाला नको आहे? पण विषय दीड ते सव्वातीन लाखांचा आहे, आणि छोट्या दुकानात एवढी रक्कम म्हणजे दिवाळीच्या मालाचा ॲडव्हान्स. म्हणून जाहिरात जरा बाजूला ठेवू आणि दुकानदाराच्या नजरेने हिशोब करू. व्हिडिओत जे आकडे भरभर सांगितले, ते इथे निवांत वाचा.

बाजारात नेमकं आहे काय?

फोल्डिंग म्हटलं की दोन वेगळ्या जाती आहेत. त्यांची गल्लत करू नका.

पहिली जात म्हणजे घडीचा लॅपटॉप. लेनोवोने २०२० मध्ये थिंकपॅड एक्स१ फोल्ड दाखवला, १३.३ इंची. त्यानंतर आसूसचा झेनबुक १७ फोल्ड आला. उघडला की १७.३ इंच, मिटला की वहीसारखा. यावर विंडोज चालतं. भारतात तो २०२२ च्या शेवटी आला तेव्हा किंमत होती ३,२९,९९० रुपये. पुढच्या वर्षी एचपीने अमेरिकेत असाच १७ इंची आणला, ४,९९९ डॉलरला. २०२५ मध्ये हुआवेने चीनमध्ये १८ इंची मेटबुक फोल्ड काढला, पण त्यावर विंडोज नाही, त्यांची स्वतःची हार्मनी ओएस आहे.

दुसरी जात म्हणजे घडीचा मोबाईल. सॅमसंगचा गॅलॅक्सी झेड फोल्ड ७ जुलै २०२५ मध्ये भारतात १,७४,९९९ रुपयांपासून आला. उघडल्यावर ८ इंच, वजन २१५ ग्रॅम. तीन घड्यांचेही आले: हुआवेचा मेट एक्सटी २०२४ मध्ये, सॅमसंगचा ट्रायफोल्ड २०२५ च्या डिसेंबरमध्ये कोरियात. ते उघडले की साधारण १० इंच, म्हणजे खरोखर टॅबएवढे.

म्हणजे तंत्र आहे, आणि चांगलं आहे. फक्त ते आपल्या काउंटरवर बसतं का, तेवढं बघायचं.

काउंटरवर बसल्यावर

सकाळी मालाच्या गाडीबरोबर चाळीस आयटमचं बिल येतं आणि ते चढवायला बसता, तेव्हा तुमचा हात कुठे असतो? कीबोर्डच्या उजव्या बाजूला, नंबरपॅडवर. एचएसएन कोड, नग, रेट, डिस्काउंट हे सगळं न बघता बोटं टाकतात. काचेवर टाइप करताना बोटाला काही लागत नाही, त्यामुळे प्रत्येक आकड्याला नजर खाली जाते. वेगळा कीबोर्ड जोडता येतो, हे खरं. पण मग बॅगेत दोन वस्तू झाल्या, आणि घडीच्या लॅपटॉपबरोबर येणाऱ्या छोट्या कीबोर्डला नंबरपॅड नसतो.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. टॅली प्राइम विंडोजवर चालतं. मोबाईलच्या ब्राउझरवर रिपोर्ट बघता येतात, पण रोजची व्हाउचर एंट्री करायला संगणकच लागतो. तुमची प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर जीएसटी रिटर्नला डिजिटल सही लागते, आणि ती यूएसबी टोकनमध्ये असते. मालकी फर्मवाल्यांचं ओटीपीवर भागतं. तुम्ही कुठल्या गटात आहात ते आधी बघा.

तिसरी गोष्ट जोडणीची. बारकोड स्कॅनर, बिलाचा थर्मल प्रिंटर, पेन ड्राइव्ह, टोकन. साध्या लॅपटॉपला यातलं बरंचसं थेट लागतं. झेनबुक फोल्डला दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत, त्यातलं एक बऱ्याचदा चार्जरला जातं. म्हणजे हब आलाच. ब्लूटूथचे स्कॅनर-प्रिंटर मिळतात, पण आज घरात असलेले बदलायचे म्हणजे तोही खर्च यातच धरा.

धूळ, पीठ आणि हळद

जाहिरातीत फोन एसी ऑफिसच्या टेबलावर असतो. आपल्याकडे तो पिठाच्या डब्याशेजारी असतो.

फोनवर आयपी६८, आयपी४८ असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. झेड फोल्ड ७ ला आयपी४८ आहे. यातला ४ म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण आत जाणार नाहीत. आता सांगा, गव्हाचं पीठ, हळद, सिमेंट, टेलरिंगच्या दुकानातला कापडाचा भुगा, यातलं काय एक मिलिमीटरपेक्षा मोठं आहे? २०२५ मध्येच आलेल्या गूगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डला मात्र आयपी६८ आहे, म्हणजे धुळीलाही अटकाव. सुधारणा होते आहे, पण मॉडेल निवडताना पहिला आकडा वाचा.

बिजागरीची भीती मात्र थोडी जास्तच बाळगली जाते. दोन लाख घड्यांचा दावा सॅमसंगने पहिल्या फोल्डलाच केला होता. दिवसाला शंभर वेळा उघडझाप धरली तरी दोन हजार दिवस, म्हणजे साडेपाच वर्षं. खरी अडचण दुरुस्तीची आहे. लॅपटॉपचा कीबोर्ड गेला तर तालुक्याचा रिपेअरवाला बहुतेक संध्याकाळपर्यंत बदलून देतो. आतली घडीची स्क्रीन गेली तर अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं, आणि सगळ्यात महाग सुटा भाग तोच असतो.

यंत्र कोणाचं: दुकानाचं की मालकाचं?

माझ्या मते सगळा निर्णय इथे ठरतो.

काउंटरवरचा लॅपटॉप दुकानाचा असतो. तुम्ही खरेदीला मुंबईला गेलात, लग्नाला गेलात, तरी तो जागेवर असतो आणि पोरगा बिलं काढत राहतो. घडीचा मोबाईल मालकाचा असतो. तो तुमच्याबरोबर जातो. मग मागे बिलिंग कशावर?

आणि समजा ठेवून गेलात, तर त्यात काय काय आहे? तुमचं व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप, यूपीआय, ओटीपी येणारं सिम, घरचे फोटो. हे सगळं कामगाराच्या हातात द्यायचं? प्रश्न विश्वासाचा नाही, शिस्तीचा आहे. गल्ला आणि घरखर्चाचं पाकीट आपण वेगळं ठेवतो ना? यंत्राचंही तसंच.

शिवाय तीन वस्तू एकीत आल्या की तिन्हींचा धोकाही एकीत येतो. लॅपटॉप बंद पडला तर दोन दिवस टॅबवर किंवा मोबाईलवर बिलं काढता येतात. एकुलतं एक यंत्र बंद पडलं तर कच्च्या वहीशिवाय पर्याय नाही.

आता पैशाचा हिशोब

झेड फोल्डच्या १,७४,९९९ मध्ये सुमारे २६,७०० रुपये जीएसटी आहे. तुम्ही रेग्युलर स्कीममध्ये असाल, बिल फर्मच्या नावावर जीएसटी नंबरसह घेतलं असेल आणि वापर धंद्यासाठी असेल, तर त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना नाही. घेण्याआधी सीएंना एक फोन करा.

दुसरीकडे कामचलाऊ चांगला लॅपटॉप ४५,००० चा धरा, टॅब २०,००० चा. झाले ६५,०००. फरक उरतो एक लाख दहा हजारांचा. त्यातले एक लाख मालात घातले, खरेदीवर १० टक्के सुटतात आणि माल वर्षात सहा वेळा फिरतो असं समजा. एका फेरीला १०,०००, सहा फेऱ्यांना ६०,००० ढोबळ नफा. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून बघा. घडीचं यंत्र वर्षाला तेवढं मिळवून देणार असेल तर घ्या. नाहीतर ती हौस आहे. हौसेलाही माझी ना नाही, पण ती दुकानाच्या खात्यातून नको.

मग कोणी घ्यावं?

ज्यांचं काम "दाखवणं" आहे त्यांनी जरूर विचार करावा. इंटिरियर डिझायनर, विमा सल्लागार, प्रॉपर्टीचं काम करणारे, लग्नाचे फोटोग्राफर, साड्यांचा होलसेल माल गावोगावी दाखवणारे. ग्राहकासमोर मोठा स्क्रीन उघडला, डिझाइन दाखवलं, तिथेच बदललं आणि कोटेशन पाठवलं. यांच्या हातातला टॅब घडीचा मोबाईल नक्कीच बदलू शकतो.

सॅमसंगच्या फोल्डमध्ये डेक्स नावाची सोय आहे. केबलने मॉनिटरला जोडलं, ब्लूटूथ कीबोर्ड-माउस लावला की संगणकासारखी खिडक्यांची मांडणी दिसते. मेल, शीट, कोटेशन यावर आरामात होतं. ही सोय सॅमसंगच्या साध्या महागड्या मोबाईलमध्येही २०१७ पासून आहे. तुमच्याकडे तसा फोन असेल तर आधी त्यावर महिनाभर काम करून बघा. फुकटात परीक्षा होईल.

सहा दिवसांचा गृहपाठ

सोमवार ते शनिवार एका वहीत तीन रकाने आखा: टाइप करणं, दाखवणं, बघून मंजूर करणं. यंत्रावर बसलात की किती मिनिटं कशात गेली ते लिहा. चौथ्या रकान्यात लिहा की त्या वेळी तुम्ही दुकानात होतात की बाहेर.

टाइपिंग निम्म्याहून जास्त आणि तेही दुकानात, तर लॅपटॉप राहू द्या. दाखवणं आणि मंजूर करणं जास्त आणि तेही बाहेर, तर फोल्डिंगचा हिशोब मांडा. दोन्ही सारखं आलं तर दुकानात साधा लॅपटॉप, हातात साधा टॅब. ही जोडी अजून तरी स्वस्त आणि भरवशाची आहे.

थोडक्यात, फोल्डिंग स्क्रीन मालकाच्या हातातल्या टॅबची जागा घेऊ शकते. दुकानाच्या लॅपटॉपची जागा ती आज घेत नाही. किंमत खाली येईल, धुळीला टिकणारी मॉडेल वाढतील, तेव्हा हाच हिशोब नव्या आकड्यांनी पुन्हा करू.

तोवर वही काढा, रकाने आखा. शनिवारी रात्री गल्ला मोजून झाला की बेरीज करा, आणि मगच शोरूमची पायरी चढा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!