दावा जिंकलेली कंपनी आणि लहान भागधारक

मी शेअरबाजाराचा जाणकार नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या दरवाज्यावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला एक प्रसंग कारण झाला. गेल्या पावसाळ्यात गेटसभा आटोपल्यावर एक तरुण कामगार मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, फंडातून उचललेले ऐंशी हजार एका लहान तेल कंपनीत घातलेत. भागीदाराशी तिचं कोर्टात भांडण चालू आहे. निकाल आपल्या बाजूनं लागला की भाव दुप्पट!" त्याचा तो 'आपल्या' शब्द माझ्या मनातून जाईना. ज्या करारनाम्यावर भांडण होते, तो त्याने डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

त्याला मी लंडनच्या गल्फ कीस्टोन पेट्रोलियम या कंपनीची हकीकत सांगितली. तीच आज आपणांपुढे मांडतो.

तेल शोधणारी लहान कंपनी म्हणजे मोठ्या तेल कंपनीची धाकटी बहीण, असा आपला समज असतो. तो खरा नाही. तिच्याजवळ रिफायनरी नसते, पंप नसतो, पुष्कळदा उत्पन्नही नसते. असतो तो एखाद्या सरकारशी केलेला करार : आम्ही आमच्या खर्चाने विहीर खणू, तेल लागले तर आधी खर्च वळता करून घेऊ आणि उरल्या तेलात सरकारचा नि आमचा वाटा राहील. एकटीला हा खर्च झेपत नाही म्हणून ती भागीदार घेते. तेव्हा करारातला तिचा टक्का हीच तिची सारी इस्टेट. त्या टक्क्यावर कोणी हक्क सांगितला, की शेताच्या सात-बाऱ्यावर तिऱ्हाइताने नाव लावायला टाकावे तसे होते.

गल्फ कीस्टोनने असा करार २००७ मध्ये इराकी कुर्दिस्तानातील शैकान या क्षेत्रासाठी केला आणि २००९ मध्ये तेथे मोठा साठा लागला. लहान भागधारकांची झुंबड उडाली. २०१२ च्या आरंभी शेअर चार पौंडांच्या वर गेला. मात्र २०१० च्या डिसेंबरातच एक्सकॅलिबर व्हेंचर्सने दावा लावलेला होता. त्यांचे म्हणणे असे की, टेक्सास कीस्टोन या संबंधित कंपनीशी २००६ मध्ये आमचा सहकार्याचा करार झाला, गल्फही त्याने बांधलेली आहे, सबब चार क्षेत्रांत आम्हांला ३० टक्क्यांपर्यंत हिस्सा मिळावा. रक्कम सुमारे १६० कोटी डॉलरच्या घरात!

आता लहान भागधारकाचे गणित पाहा. तीस गेले तरी सत्तर उरतात. भाव आजच तेवढा पडलेला आहे. म्हणजे हरलो तर फारसे जात नाही, आणि जिंकलो तर चंगळ. गणित चुकीचे नाही. पण ते एकाच प्रश्नाचे आहे.

२०१३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती ख्रिस्टोफर क्लार्क यांनी एक्सकॅलिबरचा दावा संपूर्ण फेटाळला. गल्फ त्या करारात पक्षकारच नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष. मौज अशी की, दावा लढवायला लागणारा पैसा एक्सकॅलिबरला त्रयस्थ धनिकांनी, जिंकल्यास वाटा मिळेल या बोलीवर, पुरवला होता! पुढे प्रतिपक्षाच्या खर्चाचा बोजा त्या धनिकांवरही पडला आणि अपील न्यायालयाने २०१६ मध्ये तो कायम केला. सट्टा दोन्ही बाजूंनी चालला होता तर.

मग जिंकलेल्यांचे काय झाले? सुनावणी २०१२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. त्याच महिन्यात कंपनीने रोखे काढून २७.५ कोटी डॉलरचे कर्ज उचलले. २०१४ मध्ये आणखी २५ कोटी, आणि तेही १३ टक्के व्याजाने! ज्या कंपनीला बाजार तेरा टक्के मागतो, तिच्याविषयी सावकाराचे मत काय असेल हे गावच्या पतपेढीचा कारकूनही सांगेल. त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळू लागले, इराकात इसिसचे युद्ध पेटले, कुर्दिस्तान सरकारकडून तेलाचे पैसे थकले. २०१६ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलरच्या कर्जाचे शेअर करून धनकोंना द्यावे लागले. पदरचे नवे पैसे न घालणाऱ्या जुन्या भागधारकांकडे मिळून कंपनीचा दशांशही उरला नाही. चार पौंडांचा शेअर तोवर काही पेन्सांवर आला होता. शैकानचे तेल जागच्या जागी होते. टक्काही शाबूत होता.

कंपनी बुडाली की रांगेत कोण कुठे उभा राहतो, हे आम्ही कामगारांनी पोट मारून शिकलेले आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कामगाराची २४ महिन्यांची थकबाकी तारण घेतलेल्या सावकाराच्या बरोबरीला बसवली आहे. भागधारक रांगेच्या शेवटी. तेव्हा तो तरुण कारखान्यात जेवढा सुरक्षित होता, तेवढा त्या कंपनीचा 'मालक' म्हणून नव्हता.

पुढच्या रविवारी तो कंपनीचा वार्षिक अहवाल छापून घेऊन आला. युनियनच्या कचेरीत बसून आम्ही दाव्याचे पान बाजूला ठेवले आणि देण्यांचे पान काढले : कर्ज किती, फेडीची तारीख कोणती, हाती रोकड किती महिन्यांची. पगारवाढीच्या बोलणीआधी आम्ही हेच पान वाचतो. दोन तास लागले. त्याने अर्धे शेअर विकले. बाकीच्या अर्ध्यांचे काय, असे परवा विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, निकाल तेवढा लागू द्या की."