दोष कोणता, स्वर कोणता?

रिसोडसारख्या तालुक्याच्या गांवीं गणेशोत्सवाचा मंडप उभा राहिला कीं लाउडस्पीकर लावणारा गृहस्थ आलाच. वक्ता बोलूं लागतो, कर्णा एकाएकीं शिट्टी मारतो, मंडळी कानांवर हात ठेवतात; तो धांवत जाऊन बटण फिरवतो आणि सभेचा जीव भांड्यांत पडतो. ध्वनिव्यवस्था पाहणाराचें काम एवढेंच, अशी लोकांची समजूत असते. परंतु विजेच्या उपकरणांतून स्वर निर्माण करणारें एक प्रायोगिक संगीत गेल्या शतकांत उदयास आलें, आणि त्याच्या कांहीं प्रयोगांत हीच तत्परता घात करील.

ती शिट्टी होते कशी, हें प्रथम पाहूं. कर्ण्यांतून निघालेला आवाज मायक्रोफोनमध्यें शिरतो, यंत्रानें मोठा होऊन पुन्हां कर्ण्यांतून बाहेर पडतो आणि पुन्हां मायक्रोफोनमध्यें शिरतो. प्रत्येक फेरींत तो वाढत जातो व अखेर एका उंचीवर स्थिर होतो. ती उंची मायक्रोफोन आणि कर्णा यांतील अंतर, खोलीचा आकार व उपकरणांचा स्वभाव यांवर अवलंबून असते. मायक्रोफोन थोडासा हलवला तरी स्वर बदलूं शकतो.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनीं १९६८ सालीं ‘पेंड्युलम म्युझिक’ नांवाची रचना केली, ती केवळ या शिट्टीच्या आधारावर. मायक्रोफोन तारांनीं टांगून झोक्याप्रमाणें सोडतात. खालीं लाउडस्पीकर ठेवलेले असतात. मायक्रोफोन बरोबर वर आला कीं आवाज उमटतो, बाजूस गेला कीं थांबतो. झोके लहान होत जातात, तसे तुटक स्वर लांबत लांबत शेवटीं अखंड होतात. मग यंत्रांच्या तारा उपसल्या कीं प्रयोग संपला. आवाज नेमका किती ठेवावा, हें आधीं ठरवावें लागतें. बटण थोडें कमी फिरलें तर निःशब्दता, अधिक फिरलें तर सतत किंकाळी. अर्थात् वाद्य जुळवण्याचें काम ध्वनिव्यवस्थापकाकडेच आलें.

जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांच्या १९६४ सालच्या ‘मायक्रोफोनी एक’ या रचनेंत हा विचार अधिक स्पष्ट झाला. एका प्रचंड झांगटाभोंवतीं सहा जण असतात. दोघे तें वाजवतात व घांसतात, दोघे मायक्रोफोन जवळ-दूर नेतात, दोघे यंत्रावर ध्वनि गाळतात. मायक्रोफोन किती अंतरावर धरावा, हेंही स्वरलिपींत लिहिलेलें असतें. वादक कोण आणि साहाय्यक कोण, ही सीमाच पुसली गेली.

आपल्या देशासही हा विषय परका नाहीं. गीता साराभाई यांनीं १९४६ सालीं न्यूयॉर्क येथें जॉन केज यांस भारतीय संगीताचे पाठ दिले होते. १९६४ सालीं मर्स कनिंगहॅम यांचें नृत्यपथक जगाच्या दौऱ्यांत भारतांत आलें, तेव्हां संगीताची बाजू केज व डेव्हिड ट्यूडर यांच्याकडे होती. पुढें १९६९ सालीं ट्यूडर यांनीं अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेंत मूग सिंथेसायझर बसवून ध्वनिशाळा उभारली. तेथील १९६९ ते १९७२ या काळांतील ध्वनिमुद्रणें २०२३ सालीं प्रसिद्ध झालीं. त्या जातीच्या मूगमध्यें निरनिराळे भाग तारांनीं जोडून स्वर घडवावा लागतो. एखाद्या नीटनेटक्या कामगारानें ‘गुंता’ समजून दोन तारा काढल्या, तर तंबोऱ्याची तार तोडण्यासारखेंच होय. शिवाय उष्णतामानाप्रमाणें त्याचा सूर सरकतो. म्हणून प्रयोगाच्या बऱ्याच आधीं यंत्र चालू करून तापूं द्यावें लागतें.

याउलट कांहीं आवाज खरोखरच दोष असतात. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यानें यंत्रांत ५० किंवा १०० आवर्तनांची घरघर शिरते. सर्व उपकरणांस एकाच ठिकाणाहून वीज व एकच भूमिसंबंध दिल्यास ती पुष्कळदां जाते. पण संगीतकारास तीच घरघर हवी असेल तर? यास्तव जाणता ध्वनिव्यवस्थापक तालमींतच विचारून ठेवतो : कोणते आवाज योजलेले आहेत, कोणते नाहींत, आणि संकटाची खूण कोणती.

एका गोष्टींत मात्र त्यानें संगीतकारापुढेंही मान तुकवूं नये, ती म्हणजे श्रोत्यांचे कान. अमेरिकेंतील व्यवसायारोग्य संस्थेच्या दंडकाप्रमाणें ८५ डेसिबलचा आवाज दिवसास आठ तास सुरक्षित मानतात. पुढें प्रत्येक तीन डेसिबलला मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला अवघीं पंधरा मिनिटें. गेलेली श्रवणशक्ति बहुधा परत येत नाहीं. संगीतकार रचनेंत रंगलेला असतो, श्रोता विश्वासानें बसलेला असतो. ही मर्यादा सांभाळणारा सभागृहांत तोच एक असतो. कार्यक्रमपत्रिकेवर तबलजीचें नांव जेथें छापतात, तेथेंच त्याचेंही छापणें उचित होय.