उन्हाळी भाजीपाल्यास पाणी केव्हा व किती द्यावे

दख्खनच्या पठारावरील विहिरींचे पाणी फाल्गुनापासून उतरू लागते. मिरची, वांगी, टोमॅटो ही उन्हाळी पिके मात्र त्यानंतरच फुलांवर व फळांवर येतात. पिकास पाण्याची निकड सर्वांत अधिक असते, नेमकी तेव्हाच विहीर तळ गाठते आणि बी, खत व श्रम वाया जातात. याचे कारण पुष्कळदा केवळ पाण्याचा तुटवडा नसून, आरंभीच्या पाळ्यांत जरुरीपेक्षा अधिक दिलेले पाणी हेही असते. म्हणून वाराच्या हिशेबाने पाणी न देता जमिनीतील ओल पाहून द्यावे.

ओल पाहण्याची रीत

वरची माती सुकली म्हणजे खालचीही सुकली, असे नव्हे. मिरची, वांगी, टोमॅटो यांच्या मुळाजवळ वीतभर आणि कांदा, मेथी, पालक यांच्याजवळ सहा बोटे खोल उकरून मूठभर माती घ्यावी व मुठीत दाबावी. तिचा घट्ट लाडू वळला तर पाण्याची घाई करू नये. लाडू वळता वळताच फुटू लागला, म्हणजे पाळीची वेळ आली असे समजावे. भर दुपारी पाने मलूल दिसली, तरी सायंकाळी ती टवटवीत होत असल्यास पिकास पाण्याचा ताण पडला असे मानण्याचे कारण नाही.

पाण्याचे माप

एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर १ सेंटिमीटर पाणी उभे राहावयास सुमारे १,००० लिटर पाणी लागते. एका पाळीस ५ सेंटिमीटर पाणी धरल्यास ५ गुंठ्यांच्या मळ्यास २५,००० लिटर पुरते.

पंप किती पाणी देतो, हे २०० लिटरच्या पिंपाने मोजता येते. पिंप ५० सेकंदांत भरत असेल, तर पंप तासास १४,४०० लिटर पाणी देतो. अशा पंपाने वरील मळा पावणेदोन तासांत भिजावा. पाटात मुरणारे पाणी धरून दोन तास पुरेत. रात्रीच्या विजेवर तोच पंप चार तास चालू राहिला व दारे मोडावयास कोणी नसले, तर एका पाळीत सुमारे २९,००० लिटर, म्हणजे आणखी एका पाळीहून अधिक पाणी, मुळांखाली निघून जाते. त्याबरोबर नत्रही वाहून जाते.

बचतीचे उपाय

पाट स्वच्छ व उताराने समतोल ठेवावा. हलक्या मुरमाड जमिनीत पाणी सरळ खाली जाते. तेथे वाफे आखूड ठेवून थोडे थोडे, पण लवकर लवकर पाणी द्यावे. भारी काळ्या जमिनीत ओल बाजूलाही पसरते. तेथे टंचाईच्या काळी एकाआड एक सरी भिजवावी व पुढील पाळीस उरलेल्या सऱ्या घ्याव्यात.

'एक कोळपणी, अर्धे पाणी' असे शेतकरी म्हणतात, ते यथार्थ आहे. तणे ओल पितात आणि भेगांतून ती उडून जाते; वेळेवर खुरपणी केल्याने दोन्ही गोष्टी टळतात. दोन ओळींमध्ये उसाचे पाचट किंवा गव्हाचे काड दोन-तीन बोटे जाड पसरावे. पाणी सकाळी किंवा सायंकाळी द्यावे. ठिबक संच असल्यास तोट्या तुंबल्या नाहीत ना, हे नेहमी पाहावे. ठिबकनेही जरुरीपेक्षा अधिक पाणी दिले जाऊ शकते.

कोठे काटकसर करू नये

फुले येण्याच्या व फळे धरण्याच्या काळात पाण्याची ओढ पडू देऊ नये. टोमॅटोस बरेच दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात. कांद्यास गड्डा पोसताना पाणी हवेच. परंतु माना पडू लागल्यावर ते तोडावे, नाहीतर कांदा साठवणीत टिकत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या मळ्यात पिंपाने पाणी मोजण्याचे व मुठीने ओल पाहण्याचे प्रात्यक्षिक माघातच करून दाखवावे. त्या वेळी वाचविलेले पाणी वैशाखात फळे पोसण्यास उपयोगी पडते.